पुस्तकाची दुसरी कमाई कोठे अडते?

छपाई, बांधणी, प्रकाशन आणि पुस्तकविक्री हे धंदे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मुंबईत मोहम्मद अली रोड व भेंडीबाजार, तिकडे भिवंडी आणि मालेगाव येथे छापखाने, बाइंडिंगची दुकाने, उर्दू किताबांची दुकाने आणि आता घरोघरी डीटीपीचे संगणक आहेत. या धंद्यातला माणूस हिशोब मांडतो तो प्रतींचा. हजार प्रती छापल्या, सहाशे खपल्या, चारशे पोटमाळ्यावर पडून आहेत. त्या चारशे निघाल्या की पुस्तक संपले, असे त्याच्या वहीत लिहिले जाते.

परंतु पुस्तक तेथे संपत नाही. त्यातला एक धडा दुसऱ्या प्रकाशकाला संग्रहासाठी हवा असतो. एखाद्या गाइडवाल्याला तक्ता हवा असतो. वर्तमानपत्राला क्रमशः छापायचे असते, कोणाला भाषांतर करायचे असते, कोणाला आवाजात ध्वनिमुद्रित करून मोबाइलवर विकायचे असते, तर परदेशातल्या विद्यापीठाला वीस पाने झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना द्यायची असतात. या सर्वांना लागते ती परवानगी. ती फी घेऊन दिली जाते आणि यालाच दुय्यम परवाना म्हणतात. कागद लागत नाही, शाई लागत नाही, ट्रान्सपोर्टचे भाडे नाही. मोठ्या प्रकाशकांकडे या कामासाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असतात. आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकाला मात्र या कमाईची बहुधा वार्ताही नसते. गिऱ्हाईक नाही म्हणून हे घडते असे समजण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक येते, पण त्याला माल ओळखता येत नाही, ओळखला तर मालक कोण ते कळत नाही, आणि मालक सापडला तर त्याची फाईल उघडत नाही. तीन ठिकाणी अडते. त्या तिन्ही अडचणींवर जगात काय उपाय निघाले आणि आपल्या छापखान्यात त्यांतले काय आणता येईल, ते येथे पाहू.

झेरॉक्सच्या दुकानापासून सुरुवात

हा प्रश्न प्रथम पेटला तो झेरॉक्सच्या दुकानांतच. अमेरिकेत किंकोज नावाच्या दुकानांच्या साखळीत प्राध्यापक वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे आणून देत आणि दुकानदार त्यांची जुडी बांधून विद्यार्थ्यांना विकत असे. आठ प्रकाशकांनी दावा लावला. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने किंकोजच्या विरोधात निकाल दिला आणि ५ लाख १० हजार डॉलर भरपाई ठोठावली. त्यानंतर अशी जुडी बांधणाऱ्याला प्रत्येक उताऱ्याची परवानगी घेणे भाग पडले.

आता विचार करा. एका जुडीत तीस उतारे, तीस प्रकाशक. प्रत्येकाला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत बसायचे, तर सत्र संपून जायचे. म्हणून मध्यस्थ संस्था लागते. अमेरिकेत अशी संस्था १९७८ पासूनच होती. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये लेखकांच्या आणि प्रकाशकांच्या संघटनांनी मिळून कॉपीराइट लायसन्सिंग एजन्सी काढली. शाळा, विद्यापीठे आणि कंपन्या या संस्थेला ठराविक फी भरतात, काय काय उतरवून घेतले त्याची माहिती देतात, आणि जमा झालेली रक्कम प्रकाशक व लेखकांत वाटली जाते.

वाटणीचा हा भागच महत्त्वाचा आहे. शाळेतला कारकून लिहितो, ‘भूगोल, भाग दोन, पाने १२ ते २०.’ कोणाचा भूगोल? कोणती आवृत्ती? अशा नावाची वीस पुस्तके बाजारात असतील. नाव जुळले नाही तर पैसा जमा होऊनही मालकापर्यंत पोचत नाही. मालाच्या गाठीवर मार्का नसेल तर ती गोदामात कशी पडून राहते हे भिवंडीच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. पुस्तकाच्या बाबतीत तो मार्का म्हणजे आयएसबीएन.

तेरा आकडे

ब्रिटनमधील डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्यांना आपले गोदाम संगणकावर न्यायचे होते. त्यांच्या गरजेतून १९६७ साली नऊ आकड्यांचा क्रमांक सुरू झाला. १९७० मध्ये तो दहा आकड्यांचा होऊन आंतरराष्ट्रीय मानक बनला आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा आकड्यांचा झाला. सुरुवातीचे ९७८ हे आकडे बारकोडच्या पद्धतीतून आले. भारतीय मालाच्या बारकोडवर ८९० असते तसे पुस्तकांना ९७८ दिले. त्यासाठी ‘बुकलँड’ नावाचा एक काल्पनिक देशच कागदोपत्री वसवण्यात आला! पुढचे ८१ किंवा ९३ हे आकडे भारताचे, त्यानंतर प्रकाशकाचे, मग पुस्तकाचे.

शेवटचा आकडा तपासणीचा असतो. हा हिशोब कोणीही करून पाहावा. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती पुढच्या पूर्ण दहापर्यंत नेण्यास जितके कमी पडतात तो तेरावा आकडा. नमुना म्हणून नेहमी दिला जाणारा क्रमांक ९७८-३-१६-१४८४१०-० हा घ्या. बेरीज बरोबर १०० येते, कमी काही पडत नाही, म्हणून शेवटी शून्य. कंपोझिंग करणाऱ्याचा एक आकडा चुकला तर संगणक क्रमांक नाकारतो.

आपल्याकडे हा क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि फी नाही. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. तरीही कित्येक पुस्तके क्रमांकाविना निघतात, आणि जी क्रमांकासह निघतात त्यांतही घोटाळे असतात. मिळालेल्या दहा क्रमांकांपैकी एकच दोन पुस्तकांवर छापलेला दिसतो. कापडी बांधणी आणि साधी बांधणी दोन्हींवर एकच क्रमांक असतो. वास्तविक कापडी, साधी आणि ई-बुक या तिघांना तीन क्रमांक हवेत. उलट, मजकुरात काही बदल न करता नुसते पुनर्मुद्रण केले तर नवा क्रमांक लागत नाही. दुकानात यामुळे फारसे बिघडत नाही, कारण गिऱ्हाईक पुस्तक हातात घेऊन पाहते. परवाना मागणारा मात्र पुस्तक न पाहताच मागतो. त्याच्यासमोर फक्त नोंद असते.

दिल्लीचा निकाल

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर वाचकांच्या मनात नसती आशा निर्माण होईल. झेरॉक्सच्या फीवर भारतात कोणी फार भरवसा ठेवू नये. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तेथील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला गेला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणाच्या कामासाठी जी सूट आहे तिच्या आधारे हा निर्णय झाला. प्रकाशक अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने सुटीचा तोच अर्थ कायम ठेवला, मात्र उतारे अध्यापनासाठी आवश्यक आहेत की नाही याची तपासणी खालच्या न्यायालयाकडे सोपवली. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. फोटोकॉपी हक्कांच्या भारतीय संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, पण मे २०१७ मध्ये तिचीही याचिका फेटाळली गेली.

विद्यार्थ्यांच्या आणि झेरॉक्सवाल्यांच्या दृष्टीने हा निकाल चांगलाच झाला, असे आमचे मत आहे. गरीब मुलाने दोन हजारांचे पुस्तक एका प्रकरणासाठी विकत घ्यावे ही अपेक्षाच चुकीची होती. मात्र ही सूट शिकवण्यापुरती आहे. गाइड छापून विकणारा, मोबाइल अ‍ॅपवर मजकूर टाकून वर्गणी घेणारा, भाषांतर करून बाजारात आणणारा, ध्वनिपुस्तक काढणारा यांना परवानगी घ्यावीच लागते. आपल्या प्रकाशकांची दुसरी कमाई असलीच तर या बाजूला आहे.

मालक कोण?

दुसरी अडचण मालकीची. तिचा सर्वांत मोठा धडा पुन्हा अमेरिकेतच मिळाला. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पत्रांनी आपले जुने अंक संगणकीय संग्रहांना विकले. त्या अंकांत बाहेरच्या लेखकांचे लेखही होते. लेखकांनी विचारले, आम्ही लेख एकदा छापायला दिला होता, पुन्हा विकण्याची परवानगी तुम्हांला कोणी दिली? जून २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने लेखकांची बाजू उचलून धरली. त्यानंतर पत्रांना हजारो लेख संग्रहातून काढून टाकावे लागले. कोणत्या लेखाचा कोणता हक्क आपल्याकडे आहे याची नोंदच कोणी ठेवलेली नव्हती.

त्याच वर्षी मासिकांच्या प्रकाशकांसाठी प्रिझम नावाचा एक नमुना प्रसिद्ध झाला. प्रत्येक लेखाबरोबर लेखकाचे नाव, अंकाची तारीख, विषय, कॉपीराइट कोणाचा, कोणत्या तारखेपूर्वी पुन्हा छापता येणार नाही आणि परवाना कधी संपतो, ही माहिती ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या रकान्यात लिहायची. मालाबद्दलच्या अशा माहितीला इंग्रजीत मेटाडेटा म्हणतात. नाव अवजड असले तरी वस्तू साधी आहे. कापडाच्या ताग्यावरची चिठ्ठी ती हीच: लांबी, पन्हा, सूत, गिरणी.

मालकीबाबत आपला कायदा काय म्हणतो तेही व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असले पाहिजे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, आणि करारात तसे वेगळे काही म्हटले नसेल, तर तो परत लेखकाकडे जातो. आपल्याकडे ‘मौलाना आपलेच आहेत, मसुदा दिला, दोन हजार हातावर ठेवले’ असा व्यवहार होतो. प्रेमाचा व्यवहार आहे, पण पंधरा वर्षांनी दुबईचा किंवा लंडनचा कोणी ध्वनिपुस्तकाची परवानगी मागायला आला तर प्रकाशकाच्या हाती दाखवायला काही नसते. आणि मौलानांच्या मुलांनी हक्क सांगितला तर त्यांचे चूक म्हणता येणार नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट चालतो.

सगळ्यांची एकच भाषा

प्रत्येक प्रकाशकाने आपापली चिठ्ठी आपल्या मनाने लिहिली तर उपयोग नाही. एक लिहिणार ‘पेपरबॅक’, दुसरा ‘साधी बांधणी’, तिसरा ‘पुठ्ठा बांधणी’, आणि घेणारा प्रत्येकाला फोन करून विचारत बसणार. म्हणून २००० साली ऑनिक्स नावाचे एक मानक निघाले. लंडनमधील एडिट्युअर ही संस्था ते सांभाळते. त्यात पुस्तकाविषयीच्या प्रत्येक गोष्टीला ठरलेला रकाना आणि बऱ्याच गोष्टींना ठरलेले संकेत आहेत. कापडी बांधणीला ‘बीबी’, साध्या बांधणीला ‘बीसी’. लेखक ‘ए०१’, चित्रकार ‘ए१२’, संपादक ‘बी०१’, भाषांतरकार ‘बी०६’. मराठी भाषेला ‘एमएआर’ आणि उर्दूला ‘यूआरडी’. कोणत्या देशात विकण्याचा हक्क आहे आणि कोणत्या देशात नाही, यालाही रकाने आहेत. विषयांसाठी २०१३ पासून थीमा ही स्वतंत्र यादी आहे.

हे ऐकून मालेगावचा प्रकाशक म्हणेल, हे आमच्यासाठी नाही. काही अंशी त्याचे बरोबर आहे. ऑनिक्सची फाईल हाताने लिहिणे हे संगणकाच्या जाणकाराचे काम आहे. पण रकाने समजून घेऊन तीच माहिती साध्या एक्सेलच्या तक्त्यात भरून ठेवणे हे कोणत्याही दुकानातल्या मुलाला जमते. उद्या कोणी वितरक ऑनिक्स मागेल तेव्हा तक्त्यातून ती बनवून घेता येते. तक्ताच नसेल तर मात्र त्या दिवशी दोनशे पुस्तके माळ्यावरून उतरवून पुन्हा चाळावी लागतात.

नावांचा गोंधळ

आपल्या लेखकांच्या बाबतीत एक खास अडचण आहे, आणि तिची चर्चा इतरत्र क्वचितच होते. ती नावाची. मराठीत कोणी महंमद लिहितो, कोणी मुहम्मद, कोणी मोहम्मद, तर कोणी नुसते ‘मो.’ लिहून टिंब देतो. रोमन लिपीत तर विचारूच नका. शेख हे एकच नाव चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. एकच गृहस्थ पहिल्या पुस्तकावर शेख मोहम्मद अमुक, दुसऱ्यावर मोहम्मद अमुक शेख आणि उर्दू पुस्तकावर फक्त तखल्लुस लावतात. माणसाला माणूस ओळखतो, संगणकाला हे तीन वेगळे लेखक दिसतात. परवान्याची रक्कम एकाच्या नावावर जमा होते, दुसऱ्याच्या नावाखाली पुस्तक शोधले जाते आणि तिसऱ्याचा पत्ता लागत नाही.

आडनाव आधी की नंतर, हाही प्रश्न आहे. पाश्चात्त्य पद्धतीत शेवटचा शब्द आडनाव धरून यादी लावतात. त्यामुळे ज्यांना आडनावच नाही त्यांचे वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते, आणि यादीत ते भलत्याच अक्षराखाली जातात. ऑनिक्समध्ये याची सोय आहे. नावाचा मुख्य भाग आणि त्याच्या आधीचा भाग वेगवेगळ्या रकान्यांत भरता येतो. अर्थात भरणाऱ्याला मुख्य भाग कोणता ते ठाऊक असले पाहिजे, आणि ते लेखकाला विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरा उपाय क्रमांकाचा. आयएसएनआय नावाचा सोळा आकड्यांचा क्रमांक २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. पुस्तकाला जसा आयएसबीएन, तसा लेखकाला, भाषांतरकाराला, चित्रकाराला हा क्रमांक. नावाची सगळी रूपे, सगळ्या लिपींतली, त्या एका क्रमांकाखाली एकत्र येतात. तो मिळेपर्यंत निदान इतके करावे: करार करताना लेखकाकडून त्याच्या नावाचे मराठी, उर्दू आणि रोमन रूप स्वहस्ते लिहून घ्यावे, आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकावर, बिलावर, तक्त्यात तेच वापरावे. याला काही खर्च नाही.

फाईल उघडत नाही

आता तिसरी अडचण. डीटीपीचे काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी हा भाग नीट वाचावा.

१९९० नंतर खिळ्यांची जुळणी गेली आणि संगणक आले. मराठीसाठी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी सॉफ्टवेअरे आली. उर्दूसाठी १९९४ मध्ये इनपेज आले. त्यामागे मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक होते. १९८१ च्या सुमारास मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने त्यांनी जोडाक्षरांचे हजारो आकार हाताने लिहून यंत्रात बसवले होते. कातिबांचे काम यंत्राने घेतले, त्याचे दुःख वेगळे. पण उर्दू छपाईचा वेग त्यामुळे वाढला हे नाकारता येत नाही.

या जुन्या पद्धतींत एक मेख होती. त्या फाँटमध्ये ‘क’ हे अक्षर संगणकाला ‘क’ म्हणून ठाऊकच नसे. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असे. तो फाँट असेपर्यंत पडद्यावर मराठी दिसते. दुसऱ्याच्या संगणकावर तो नसला की सगळा मजकूर अगम्य चिन्हांचा गोळा होतो. प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी, त्यामुळे श्रीलिपीचा मजकूर आकृतीत चालत नाही. कागदावर छापायचे तेव्हा यात अडचण नव्हती. मजकूर दुसऱ्याला विकायचा तेव्हा मात्र तो विकण्यासारखा राहतच नाही.

यावर उपाय युनिकोड. १९९१ पासूनच्या या मानकात जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक आहे. कोणत्याही कंपनीचा संगणक असो, ‘क’ हा ‘क’च. परवाना घेणारा आज मजकूर मागतो तो युनिकोडमध्येच.

जुन्या फाईली युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. पण बदलले म्हणजे काम झाले असे समजू नये. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी ठेवलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफार उलट: पूर्वी अक्षराच्या नंतर, आता आधी. साधनाने येथे चूक केली तर ‘मूर्ती’ची आणि ‘किल्ल्या’ची काय अवस्था होते ते पाहण्यासारखे असते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र ठेवलेला असतो, म्हणजे येथेही दोन तऱ्हा. उर्दूत हीच गत काफ आणि ये यांची. अरबीचा काफ वेगळ्या क्रमांकाचा, उर्दूचा वेगळ्या, आणि एका पुस्तकात दोन्ही मिसळलेले आढळतात. म्हणून एकच तऱ्हा ठरवून सगळा मजकूर त्याप्रमाणे साफ करून घ्यावा लागतो. हे काम यंत्र अर्धे करते. उरलेले अर्धे भाषा जाणणाऱ्या मुद्रितशोधकाचे आहे.

काही प्रकाशक म्हणतात, आमच्याकडे पीडीएफ आहे. पीडीएफ छापायला उत्तम. पण जुन्या फाँटच्या पीडीएफमधून मजकूर बाहेर काढला तर तोच गोळा निघतो. स्कॅन केलेल्या पानांत तर अक्षरे नसतात, नुसते चित्र असते. रेख्ताच्या संग्रहात असंख्य उर्दू पुस्तके पानांच्या चित्रांच्या रूपात आहेत. वाचकांची त्यांनी मोठी सोय झाली, पण त्यांतला एक परिच्छेद दुसऱ्या पुस्तकात घ्यायचा तर पुन्हा टाइप करावा लागतो. विकण्यासाठी ई-पब हे रूप जास्त उपयोगी. २००७ पासून ते प्रचारात आहे. त्यात प्रकरण, शीर्षक, तळटीप, कोष्टक हे नुसते मोठ्या-लहान टायपाने दाखवलेले नसते, तर तसे नोंदवलेले असते. म्हणून ‘प्रकरण चार तेवढे द्या’ म्हटले की तेवढेच काढून देता येते.

अशा फाईलचा आणखी एक उपयोग आहे, त्यात पैसा नाही. अंध वाचकांसाठी पुस्तक बोलक्या किंवा ब्रेल रूपात करण्यास २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात परवानगीची गरज नाही. मर्राकेश करार मंजूर करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. अशी पुस्तके करणाऱ्या संस्था प्रकाशकाकडे फाईल मागतात. स्वच्छ युनिकोड फाईल असेल तर काम झपाट्याने होते, नसेल तर कोणालातरी सगळे पुस्तक पुन्हा टाइप करावे लागते.

कारागिरांसाठी

मेंदीची नक्षी, खत्ताती, कापडाची बुट्टी यांचे फोटो काढून ठेवणाऱ्या कारागिरांनाही हीच गोष्ट लागू आहे. फोटोच्या फाईलमध्येच काढणाऱ्याचे नाव, कॉपीराइटची ओळ आणि परवाना कोठे मिळेल तो पत्ता भरून ठेवण्याचे रकाने असतात. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या मंडळाने ते ठरवले आहेत. असे रकाने भरलेल्या चित्रांवर परवाना मिळत असल्याची खूण दाखवण्यास गूगलने २०२० पासून सुरुवात केली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवला की हे रकाने पुसले जातात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहतात. कापडावर, भांड्यावर उठवायच्या नक्षीबाबत मात्र सावध असावे. डिझाइन कायद्याखाली जिची नोंदणी होऊ शकते, पण केलेली नाही, अशा नक्षीचा कॉपीराइट यंत्राने ५० हून जास्त नग काढताच संपतो.

कामाला कोठून लागावे

प्रकाशकाने प्रथम जुनी फाईल कोणाकडे आहे ते शोधावे. पुष्कळदा ती प्रकाशकाकडे नसतेच, कंपोझिंग करणाऱ्याच्या संगणकात असते. त्याने संगणक बदलला, हार्ड डिस्क बिघडली, की पुस्तक गेले. छापखान्याला दिलेला पैसा जुळणीचा होता की फाईलचाही, यावरून वाद होतात, कारण बिलावर लिहिलेले नसते. यापुढे बिलावर स्पष्ट लिहावे की मजकुराची युनिकोड फाईल, वापरलेल्या फाँटचे नाव आणि चित्रे प्रकाशकाला देण्यात येतील. त्याचा दर डीटीपीवाल्याने वेगळा लावावा, लपवून लावू नये.

त्यानंतर एक तक्ता. प्रत्येक पुस्तकाला एक ओळ: आयएसबीएन, नाव तिन्ही लिपींत, लेखक व भाषांतरकार, आवृत्ती आणि वर्ष, पाने, बांधणी, भाषा, कराराची तारीख, कोणते हक्क, कोणत्या प्रदेशात, कधीपर्यंत, आणि फाईल कोठे ठेवली आहे. ज्या पुस्तकांचे करार सापडत नाहीत त्यांच्या लेखकांना किंवा वारसांना भेटून नवा कागद करावा, आणि दुय्यम परवान्यातला त्यांचा वाटा किती हे त्याच कागदात लिहावे. परवान्याची फी आली की तिच्यावरचा कर छापील पुस्तकाप्रमाणे माफ असेल असे गृहीत धरू नये. जीएसटीत ती पुस्तकाची विक्री धरली जात नाही, तेव्हा कर-सल्लागाराला आधी विचारावे.

सगळीच जुनी पुस्तके एकदम बदलायला घेण्यात शहाणपण नाही. शब्दकोश, व्याकरण, मुलांच्या गोष्टी, हुन्नर शिकवणारी पुस्तके, स्थानिक इतिहास यांना मागणी येण्याचा संभव जास्त, म्हणून आधी ती घ्यावीत. डीटीपी येणाऱ्या आणि मराठी-उर्दू दोन्ही वाचता येणाऱ्या मुलामुलींसाठी हे घरबसल्या करण्याचे काम आहे. दर ठरवताना पानांवर ठरवू नये, कारण एका पानात दोनशे शब्द असतात तर दुसऱ्यात पाचशे. हजार शब्दांवर ठरवावा, कोष्टकांचा आणि तळटीपांचा वेगळा धरावा, आणि त्याच पुस्तकाची दहा पाने आधी करून पाहिल्याशिवाय आकडा सांगू नये.